एमआरआय लॅबचं कार्ड हवंय? मग आधी हे वाचा

नवीन बॅच आली की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: मॅडम, स्कॅनर रूमचं कार्ड कधी मिळेल? ट्रेनिंग झालं, तुमचं स्वतःचं स्क्रीनिंग (अंगात-अंगावर धातू वगैरे आहे का याची तपासणी) झालं, लेखी परीक्षा झाली आणि तुमच्या भरवशावर एखादा माणूस मशीनमध्ये झोपवायला माझं मन तयार झालं, की मिळेल. शेवटची अट कुठल्याच फॉर्मवर छापलेली नाही, पण कार्ड अडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

मी आधी बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट होते. आता पुण्यातल्या एका संशोधन केंद्रात ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) स्कॅनरची सुरक्षा बघते. खालचं सगळं आमच्या पद्धतीचं आहे. तुमच्याकडे फॉर्म वेगळे असतील, वेळा वेगळ्या असतील. चुंबक मात्र तसाच वागेल.

आधी चुंबक समजून घ्या

मशीन बंद असलं तरी चुंबक चालू असतो. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणते की मुलं माझी नक्कल करतात. करू देत. रात्री, रविवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही तो चालू असतो. गुरुवारी देखभालीसाठी महावितरणने वीज घालवली तरीसुद्धा. आतली कॉइल नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची असते आणि ती उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममुळे गार राहते. त्या तापमानाला तारेचा विद्युतरोध शून्य होतो. एकदा सोडलेला प्रवाह बाहेरून वीज न घेता तसाच फिरत राहतो. वीज गेली की हेलियम गार ठेवणारा चिलर थांबतो, म्हणून त्याला जनरेटर लागतो. चुंबकाला त्याचं सोयरसुतक नसतं.

गाउस या लहान मापात ३ टेस्ला म्हणजे ३०,०००. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे अर्ध्या गाउसहूनही कमी आहे. पण या आकड्यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते. आताच्या मशीनना शिल्डिंग, म्हणजे क्षेत्र बाहेर पसरू न देणारी सोय, चांगलं असतं, त्यामुळे क्षेत्र मशीनपासून थोड्या अंतरातच कोसळतं. सिंहगडावर तानाजी कड्याकडे चालत जावं तसं आहे: दहा पावलं मागे सगळं सपाट, आणि मग एकदम काहीच नाही. दारात उभं राहून खिशातली कात्री ओढली जातेय का, असा अंदाज कुणी घेत असेल तर त्याला तिथे काहीच जाणवणार नाही. दोन पावलं पुढे गेल्यावर जाणवेल, आणि तोपर्यंत कात्री हातात नसेल.

एनसीएल किंवा आयसर या संशोधन संस्थांमध्ये एनएमआरवर (रसायनांचे नमुने तपासणारं चुंबकी यंत्र) काम करून आलेल्या मुलांना हे आधीच पाठ आहे असं वाटतं. त्यांना टेस्ला कळतात, हे खरं. पण एनएमआरच्या नळीत सॅम्पल जातं, इथे माणूस जातो, आणि माणूस येताना खिसे घेऊन येतो.

नवखा माणूस गडबड करतो, असा एक समज आहे. माझं मत उलटं आहे. नवखा माणूस दारात थबकतो, विचारतो. आत घुसतो तो मदतीला धावणारा. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत ३२ वर्षांचा तरुण नातेवाइकासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि जिवानिशी गेला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांचा मुलगा गेला, तोही स्कॅन चालू असताना ऑक्सिजन हवा म्हणून आत आणलेल्या सिलिंडरने. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच ६१ वर्षांचे गृहस्थ गळ्यात व्यायामाची सुमारे ९ किलोची साखळी घालून आत गेले. बायकोला टेबलावरून उठायला आधार हवा होता, एवढंच. तिन्ही ठिकाणी कुणाचं तरी भलं करायला दार ओलांडलं गेलं. म्हणून आमचे सगळे नियम घाईतल्या भल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून केलेत. ते जाचक वाटतात, कारण भल्या माणसाला आपल्याला कुणी अडवेल असं वाटतच नाही.

कुणाला कुठपर्यंत येता येतं

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने जागेचे चार भाग सांगितलेत, आम्हीही तेच वापरतो. झोन १ म्हणजे पार्किंग आणि रिसेप्शन, तिथे कुणीही या. झोन २ मध्ये फॉर्म भरणं, कपडे बदलणं, लॉकर. झोन ३ कंट्रोल रूम, इथून पुढे कार्ड लागतं. झोन ४ खुद्द चुंबकाची खोली. तिचं दार कायम कंट्रोल रूममधल्या माणसाच्या नजरेसमोर असलं पाहिजे. दार उघडं टाकून कुणी पाणी प्यायला गेलं तर त्या दिवसाचा स्लॉट तिथेच संपतो, मग त्याचे गाइड कोणीही असोत.

लेव्हल १ चं ट्रेनिंग स्वतःपुरतं असतं: आत गेल्यावर तुम्हाला काही होऊ नये आणि तुमच्यामुळे दुसऱ्याला काही होऊ नये. लेव्हल २ वाल्याने दुसऱ्याची जबाबदारी घ्यायची. लेव्हल १ च्या कार्डावर पाहुणे आणता येत नाहीत. आई-बाबा गावाहून आलेत, त्यांना मशीन दाखवायचंय, या विनंतीला मी काचेतून दाखवा म्हणते. काच मोठी आहे, छान दिसतं.

स्कॅनला एकट्याने बसायचं नाही. दोघं हवेतच, त्यातला एक लेव्हल २ चा. एक मशीनकडे बघतो, दुसरा दाराकडे. रात्रीच्या स्लॉटला हा नियम ढिला करा असं दर वर्षी कुणीतरी म्हणतं. रात्रीच तो जास्त लागतो.

कार्ड एका वर्षाचं असतं. रिफ्रेशर चुकला की ते आपोआप बंद होतं, मला फोन करून उपयोग नाही. कार्ड मैत्रिणीला दिलंत तर दोघींचं जाईल.

तुमचं स्वतःचं स्क्रीनिंग

हे पहिल्याच दिवशी होतं आणि बहुतेकांना ते उगाचच वाटतं. तुम्ही स्कॅनमध्ये झोपणार नसलात तरी खोलीत जाणार आहात. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, हाडातली पट्टी, शरीरात राहिलेला धातूचा तुकडा, सगळं लिहा. पुढे काही बदललं, म्हणजे दातांना तार बसली, ऑपरेशन झालं, दिवस राहिले, तर लगेच कळवा. कारण सांगायची गरज नाही, 'माझं स्क्रीनिंग परत करा' एवढं पुरे.

खिशांबद्दल. पुण्यात सगळे दुचाकीवर येतात, त्यामुळे आमच्या लॉकरजवळ रोज तीच मिरवणूक असते: किल्ल्या, हेल्मेट, स्कार्फ आणि स्कार्फच्या टाचण्या. टाचणी विसरली जाते, कारण ती दिसत नाही. केसातल्या चिमट्याचंही तेच. ओळखपत्राची क्लिप, वायरलेस इअरफोनची डबी, स्मार्ट वॉच, नेलकटर, बेल्ट, चाकणच्या कंपनीतून थेट आला असाल तर पायातले स्टीलची टोपी असलेले सेफ्टी शूज. एटीएम कार्डही बाहेर ठेवा, त्यावरची चुंबकी पट्टी पुसली जाते. स्टील म्हणजे लोखंड नव्हे, असं सांगून डबा आत नेऊ पाहणाऱ्यांना मी डबा लहान चुंबकावर धरून दाखवते. काही स्टील चिकटतं, काही नाही, आणि डोळ्यांनी कुणालाच ओळखता येत नाही. मॉलच्या दारातला मेटल डिटेक्टर इथे बिनकामाचा आहे, कारण तो सोन्यालाही वाजतो आणि लोखंडालाही. आम्ही फक्त लोहचुंबकीय धातू ओळखणारा डिटेक्टर ठेवलाय. पण तो शेवटची चाळणी आहे. खरी चाळणी तुमचे प्रश्न.

व्हॉलंटियरला प्रश्न कसे विचारायचे

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण ट्रेनिंगमधला हा भाग मुलं सर्वांत कच्चा ठेवतात.

हॉस्पिटलमधल्या पेशंटला स्कॅनचा फायदा असतो. धोका किती, गरज किती, हे डॉक्टर तोलतात. संशोधनात झोपणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळत नाही, तो तुमच्यावर उपकार करतोय. म्हणून तोलण्याचा प्रश्नच येत नाही. शंका आली की स्कॅन नाही.

'ऑपरेशन झालंय का?' असं विचारू नका. लोक 'नाही' म्हणतात आणि खोटं बोलत नसतात. अँजिओप्लास्टीला ते ऑपरेशन मानत नाहीत, मोतीबिंदूला मानत नाहीत, दाताच्या इम्प्लांटला तर नाहीच नाही. एकेक वेगळं विचारा. हृदयात स्टेंट? कानात काही बसवलंय? गुडघ्याची वाटी बदललीय? अंगावर कुठे टाक्यांची खूण आहे का, आणि ती कशाची? खुणेचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो. लोक ऑपरेशन विसरतात, व्रण विसरत नाहीत.

बाईला काही प्रश्न एकटीलाच विचारायचे, नवरा किंवा सासू बाहेर. पाळी कधी आली, दिवस गेलेत का, कॉपर-टी आहे का. तांबं चुंबकाला चिकटत नाही आणि बहुतेक कॉपर-टीना अडचण नसते, पण माहिती हवी. सगळ्यांसमोर विचारलंत तर तुम्हाला सोयीचं उत्तर मिळेल, खरं नाही.

आणि कामधंदा विचारा. एका अभ्यासासाठी भोसरीचे एक काका आले होते. फॉर्मवर सगळीकडे 'नाही', सही ठसठशीत. विद्यार्थी त्यांना आत न्यायच्या बेतात होता. मी विचारलं, "काका, काम काय करायचात?"

"टर्नर होतो. लेथवर तीस वर्षं."

"डोळ्यात कधी बर उडाली?"

"अहो, ती काय एकदाच उडते होय!"

"मग काढायचं कोण?"

"शेजारच्या मशीनवरचा. रुमालाच्या टोकाने."

लोखंडाचा बारीकसा कण डोळ्यात राहून गेलेला असेल तर या क्षेत्रात तो हलू शकतो, आणि डोळ्याच्या पडद्याजवळ असला तर दृष्टी जाऊ शकते. हॉस्पिटलमध्ये असतो तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून बघितलं असतं. संशोधनासाठी येणाऱ्या माणसाला तेवढ्यासाठी एक्स-रेचे किरण द्यायचे नाहीत, असं आमचं धोरण आहे. काकांना चहा दिला, जाण्यायेण्याचे पैसे दिले, आभार मानले. विद्यार्थ्याचं तोंड उतरलं, कारण स्लॉटचं शुल्क त्याच्या ग्रँटमधून गेलं. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातून व्हॉलंटियर येणार असतील तर लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंगचा प्रश्न फोनवरच विचारा. ग्रँटही वाचते आणि काकांची खेपही.

इम्प्लांट असल्याचं कळलं तर कार्ड मागा: कंपनी, मॉडेल, तारीख. उपकरणांवर तीन खुणा असतात. हिरवा चौकोन म्हणजे एमआर सेफ, पिवळा त्रिकोण म्हणजे एमआर कंडिशनल, आणि लाल वर्तुळात तिरपी रेघ म्हणजे एमआर अनसेफ. घोळ होतो तो पिवळ्यात. कंडिशनल म्हणजे ठरावीक अटींवर चालतं, आणि १.५ टेस्लाला चालणारं ३ टेस्लाला चालेलच असं नाही. 'दुसरीकडे एमआरआय केला होता, काही झालं नाही' याला मी पुरावा मानत नाही. ते मशीन कुठलं होतं, शरीराचा कुठला भाग होता, हे त्या माणसाला कसं माहीत असणार?

अंगावरचं काढायचं कसं

सगळे कपडे बदलायचे, आमचा सुती सदरा-पायजमा घालायचा. स्वतःचा टी-शर्ट चालेल का? नाही. घामाचा वास येऊ नये म्हणून काही स्पोर्ट्सच्या कपड्यांत चांदीचे धागे असतात, ते तापतात. जरीचंही तेच. नाकावर तार असलेला मास्क नको. निकोटीनचा किंवा औषधाचा पॅच असेल तर विचारा, काहींच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो.

दागिन्यांची यादी आदल्या दिवशी फोनवर सांगा. मंगळसूत्र काढायला लागेल हे दारात आल्यावर कळलं तर साठीतल्या आजी अवघडतात, आणि त्यांच्याशी हुज्जत घालणारे तुम्ही कोण? आदल्या दिवशी कळलं तर त्या घरीच ठरवून येतात, कधी कधी नकोच म्हणतात, तेही ठीक. जोडवी, नथ, कानातलं, पैंजण, पुरुषांच्या कमरेचा करदोडा, दंडातला ताईत, जानव्याला बांधलेली किल्ली. हो, किल्ली. आजही बांधतात. काचेच्या बांगड्यांना चुंबकाचं वावडं नाही, पण त्यांच्या मधे सोन्याची पाटली दडलेली असते. पाटली साबण लावूनही निघत नसेल तर आम्ही स्कॅन करत नाही. काजळ आणि चमकीची टिकली पुसून या, त्यात कधी लोहाचे रंग असतात.

टेबलावर

एमआरआयमध्ये भाजणं हे ओढलं जाण्याइतकं बातमीत येत नाही, पण घडतं जास्त. ३ टेस्लाला रेडिओलहरी सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या असतात. शरीरात किंवा वायरीत बंद वेटोळं तयार झालं की त्यातून प्रवाह फिरतो आणि जिथे कातडीला कातडी टेकते तिथे चटका बसतो. आपल्याकडे लोक उताणं झोपले की सवयीने पोटावर हात जोडतात. ते सोडवा. मांड्यांमध्ये पॅड, हात अंगापासून सुटे, कोपर बोगद्याच्या भिंतीला टेकत असेल तर तिथे पॅड. अंगावर बसवायच्या कॉइलची (सिग्नल पकडणाऱ्या अँटेनाची) वायर सरळ, वेटोळं न करता. कुणी 'गरम लागतंय' म्हणालं की स्कॅन थांबवा, आणखी दोनच मिनिटं राहिलीत म्हणून चालू ठेवू नका.

इअरप्लग नुसते हातात देऊ नका, घालून दाखवा. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. प्लग बोटांत चेपून बारीक वात करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायची. मग त्याच्याशी हळू आवाजात बोला. ऐकू आलं तर परत घाला. हातातला कॉल-बल्ब (आपल्याला बोलवायला दाबायचा फुगा) आत जाण्याआधी एकदा दाबून बघायला लावा. डोकं झटकन वळवू नका हेही सांगा, या क्षेत्रात काहींना गरगरतं.

लाल बटणं आणि पळापळ

बटणं तीन आहेत आणि तिन्ही लाल. पहिलं टेबल थांबवतं. दुसरं इलेक्ट्रॉनिक्सची वीज तोडतं, पण चुंबक तसाच राहतो. तिसरं झाकणाखालचं, क्वेंचचं. ते दाबलं की हेलियम उकळून वायू होतो, एका लिटरचे ७०० लिटरहून जास्त, आणि छतावरच्या पाइपातून बाहेर पडतो. चुंबक उतरायला एक-दोन मिनिटं जातात. परत उभा करायला लाखो रुपये आणि कित्येक दिवस. माणूस आणि मशीन यांच्यामध्ये कुणी चिरडला गेला असेल, किंवा आत आग लागून फायरमनना शिरणं भागच असेल, तर दाबा, मला विचारायला थांबू नका. पाइपात बिघाड असेल तर हेलियम खोलीत भरतो आणि ऑक्सिजन ढकलून देतो. ऑक्सिजनचा अलार्म वाजला की सगळे बाहेर, दार उघडं.

व्हॉलंटियरचं हृदय बंद पडलं तर क्वेंच करायचा नाही, त्यात मिनिटं जातात. छाती दाबायला सुरुवात करत त्याला चाकाच्या नॉन-मॅग्नेटिक स्ट्रेचरवरून झोन २ मध्ये आणायचं, आणि एकाने चुंबकाच्या खोलीचं दार लावून त्यासमोर उभं राहायचं. त्याचं काम तेवढंच. डॉक्टर सिलिंडर आणि लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं उपकरण) घेऊन धावत येतील, मोठ्याने ओरडतील, त्यांना आत सोडायचं नाही. आगीला १०१ लावा, पण कुऱ्हाड आणि पाठीवरचे सिलिंडर घेऊन आलेल्या जवानांनाही दारात कुणीतरी गाठून सांगायला हवं. ड्रिलमध्ये मी हाच रोल सर्वांत लाजऱ्या मुलाला देते.

मावशी, वायरमन आणि खंडेनवमी

तुम्ही लॅबमध्ये नसता तेव्हा तिथे जी माणसं येतात त्यांनाही ट्रेनिंग लागतं, आणि ते मराठीत, समोर बसून. सफाईच्या मावशींना प्लॅस्टिकची बादली आणि लाकडी दांड्याचा मॉप आम्ही वेगळा दिलाय, त्यावर हिरवी पट्टी आहे. फरशी घासायचं मशीन झोन ३ च्या आत येत नाही. वायरमन स्टूल आणि पक्कड घेऊन येतो, सिक्युरिटीवाले दादा किल्ल्यांचा जुडगा घेऊन. दोघांनाही आत सोडायचं असेल तर लेव्हल २ चा माणूस पूर्ण वेळ सोबत. मोठे पाहुणे येतात तेव्हा फोटोग्राफर येतो, ट्रायपॉड येतो. त्यांना काचेपर्यंत.

नवीन उपकरण, म्हणजे बटण-बॉक्स, ईईजीची टोपी, प्रोजेक्टरचा आरसा, तुम्ही घरी थ्री-डी प्रिंट केलेला स्टँड, काहीही, मला दोन आठवडे आधी दाखवा. स्टँडला शेवटी एक लोखंडी स्क्रू लावलेला असतोच.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा करायची असते, ती करा, मीही येते. पण झेंडूची माळ दोऱ्यात ओवलेली, तारेतली नको. पूजा कंट्रोल रूममधल्या कन्सोलची, चुंबकाच्या खोलीचं दार बंद. समई, निरांजन, नारळ फोडायला कोयता, सगळं झोन २ मध्ये. पेढे पॅन्ट्रीत, कीबोर्डवर सांडलेत तर पुढच्या स्लॉटआधी पुसून द्यायचे.